आधी तारखा लिही

चि. मुली,

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. ओव्हरीत, म्हणजे बीजांडकोशात, ‘मल्टिपल सिस्ट’ आहेत हे वाचून तुझी झोप उडाली म्हणतेस. अगं, त्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या २ ते ९ मिलिमीटरच्या पिशव्या आहेत, त्यात कापून काढण्यासारखं काही नसतं. शिवाय तुझी पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, आज तू १९ची. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओएस, म्हणजे पाळी आणि हार्मोन बिघडवणारा ओव्हरीचा विकार, ठरवायचाच नसतो, कारण या वयात निरोगी ओव्हरीही तशीच दिसते. तो ठरवायला तुझ्या वयात दोन्ही गोष्टी दिसायला हव्यात: पाळी अनियमित, आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटीवर राठ केस, न हटणारी मुरुमं किंवा रक्तात जास्त टेस्टोस्टेरॉन.

म्हणून तारखा विचारल्या. तू म्हणालीस, “दोन-तीन महिन्यांनी येते बहुतेक.” बहुतेकवर उपचार होत नाहीत! मी तारखांवरून डोकं खाते, असं तुझी आई म्हणाली. खाणारच. डॉक्टरांसमोरच्या दहा मिनिटांत तुझ्या बाजूने बोलणारं दुसरं काय आहे?

कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लाव. रक्तस्राव नीट सुरू झाला त्या दिवसाला गोल, नुसता डाग दिसला तर टिंब, गोळ्यांनी आणलेल्या पाळीला त्रिकोण. अंतर गोलापासून गोलापर्यंत मोजायचं, पाळी संपल्यापासून नाही. ३५ दिवसांच्या वर किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या म्हणजे अनियमित. ९० दिवस उलटले तर वाट बघत बसू नकोस. गर्भाशयाचं अस्तर आत साचत राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन ते उतरवतात.

त्रिकोण वेगळा, कारण गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव पाकिटात मध्ये गोळ्यांचा खंड असतो त्यामुळे येतो. ‘झाली नियमित’ म्हणून मुली गोळ्या परस्पर सोडतात आणि पुन्हा तिथेच येतात. टेस्टोस्टेरॉनचा आकडाही या गोळ्या चालू असताना फसवतो. सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), आणि उपाशीपोटी व ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासून घे. मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी दिली तर ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणूनच ती हळूहळू वाढवतात.

भात का सोडलास? निम्मा कर आणि वाटीभर उसळ वाढून घे. उपवन तलावावर चालायला जातेस ते छान, पण रमतगमत नको. बोलता येईल, गाता येणार नाही, असा वेग हवा, आठवड्याला अडीच तास. दोन दिवस उठाबशा आणि वजनं. नको असलेल्या केसांवर फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, तोवर आरशाला छळू नकोस.

‘लग्न झालं की ठीक होईल’ म्हणणाऱ्यांना उत्तर देऊ नकोस. ठीक होत नाही. मूल मात्र बहुतेकींना होतं, गरज पडली तर बीज सुटण्याच्या गोळ्या आहेत.

रविवारपर्यंत मागचं वर्ष आठव. गणपतीत पाळी होती का? दिवाळीत? परीक्षेच्या कुठल्या पेपरला? सापडतील तेवढे गोल काढ आणि फोटो मला पाठव.

तुझी मावशी