अरेका पामची कुंडी मुळांनी भरली आहे

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत अरेका पाम आहे. कुंडी कित्येक वर्षांत बदललेली नाही. मध्यंतरी घर बंद होते, तेव्हापासून खालची पाने पिवळी पडली असून बाकीच्यांची टोके करपली आहेत. पाणी घातले की लगेच ताटलीत उतरते. तळाच्या छिद्रांतून मुळे बाहेर आली आहेत. खत वाढवावे, झाडाची विभागणी करून दोन मोठ्या कुंड्यांत लावावे, की आता टाकूनच द्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकण्याचा विचार करण्यापूर्वी प्रत्येक बुंध्याच्या मधोमध असलेली, अजून न उलगडलेल्या पानाची सुरळी हलकेच ओढून पाहावी. ती घट्ट असेल तर बुंधा जिवंत आहे. ती सहज हातात आली आणि बुडाशी कुजका वास येत असेल, तर तेवढाच बुंधा मातीलगत कापावा. अरेकाचे अनेक बुंधे एकत्र वाढतात, त्यामुळे एखादा गेल्याने झाड जात नाही.

खत मात्र सध्या अजिबात घालू नये. कुंडीत माती थोडीच उरली आहे आणि ती पूर्ण सुकल्यामुळे पाणी शोषून घेत नाही. मुळांचा गोळा आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून पाणी निघून जाते व गोळ्याचे पोट कोरडेच राहते. अशा वेळी खताचे क्षार मुळांपाशी साचून टोके आणखी करपतात. (कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर क्षार आधीच साचले आहेत, बोअरवेलचे पाणी घालणाऱ्यांकडे हे बऱ्याचदा आढळते.) म्हणून आधी कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी आणि बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्यावी.

कुंडी बदलण्याचे काम ऐन उन्हाळ्यात काढू नये; पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की करावे, आणि आदल्या दिवशी झाडाला पुन्हा असेच भिजवावे. कुंडी आडवी करून चहूबाजूंनी थापट्या माराव्यात. तरीही झाड सुटले नाही, तर बुंधे धरून ओढण्यापेक्षा कुंडी कापलेली बरी. गोळ्याच्या तळाशी मुळांची चटई झालेली दिसेल. पांढरट, टणक मुळे चांगली असतात. चिमटीत धरताच ज्यांची साल निसटून आत नुसता दोरा उरतो, ती मेलेली समजून कापावीत. बाकीची बोटांनी जमतील तेवढी मोकळी करावीत. इतर अनेक शोभेच्या झाडांचा हा तळाचा थर खुशाल सुरीने कापतात, परंतु पामच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, कारण त्याच्या तुटलेल्या मुळांना पुन्हा फाटे फुटतीलच असे नसते आणि नवी मुळे मुख्यतः बुंध्याच्या बुडातून येतात. विभागणी नको म्हणतो तीही याचसाठी. झाड दाट दिसावे म्हणून रोपवाटिकेत एकाच पिशवीत बरीच रोपे लावतात. इतक्या वर्षांनी ती सोडवताना निम्मी मुळे तुटतील. दुसरे झाड हवेच असेल तर छोटे रोप विकत आणावे.

नवी कुंडी दहा इंची घ्यावी, त्याहून मोठी नको. मुळे न पोहोचलेली जादा माती पावसाळ्यात ओली राहून कुजण्याला निमंत्रण देते. नुसती लाल माती काही महिन्यांत दगडासारखी बसते, म्हणून दोन भाग मातीत एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि थोडी जाड वाळू मिसळावी. छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा आणि झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे.

त्यानंतर दोन-तीन आठवडे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही, अशी जागा द्यावी. वरची इंचभर माती सुकली की पाणी घालून ताटलीत उतरलेले ओतून टाकावे. करपलेली टोके पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती कात्रीने छाटली तरी चालतील. अर्धवट पिवळी पाने मात्र पूर्ण वाळेपर्यंत ठेवावीत, कारण झाड त्यांतले पोटॅशियम काढून नव्या पानांना पुरवत असते. नवे पान उलगडल्यावर महिन्यातून एकदा पामसाठी मिळणारे, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम असलेले खत पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत द्यावे.