टायमरवरचं लॉन भर पावसातही भिजतं. रेन सेन्सर लावू की हवामानाच्या माहितीवर सोडू?

तुमचं लॉन तळेगावला, हजार चौरस फुटांचं, आणि टायमर रोज पहाटे फवारे सोडतो. आधी सेन्सर लावा. हवामानाचे आकडे नंतर जोडा, आणि तेही उन्हानं किती पाणी ओढलं हे कळण्यासाठी. उद्या पाऊस येणार म्हणून आज पाणी तोडण्यासाठी ते वापरू नका.

कारण वळीव. पुण्यात कोथरूडला रस्ते वाहतात आणि हडपसरला थेंब नसतो. नेटवरचा आकडा काही किलोमीटरच्या चौकोनाचा असतो, तुमच्या अंगणाचा नसतो. एका मे महिन्यात अंदाज बघून मी चार दिवस पाणी बंद ठेवलं. ढग आले, गडगडलं, पण पाऊस काही पडला नाही. भिंतीलगतची हिरवळ जळाली ती जून संपेपर्यंत सावरली नाही.

साध्या सेन्सरमध्ये कॉर्कसारख्या चकत्या असतात. भिजल्या की फुगून बटण दाबतात आणि व्हॉल्व्हचा २४ व्होल्टचा पुरवठा तुटतो. किती मिलिमीटरला तुटावा हे वरची कडी फिरवून ठरतं. मी ६ वर ठेवलंय. सेन्सर उघड्यावर हवा. पागोळ्या, झाड, फवाऱ्याचं पाणी यांपासून लांब.

त्याची खरी अडचण ऑक्टोबरात कळते. चकत्या हवेवर सुकतात, मातीवर नाही. ऊन तापलं की त्या दिवसभरात कोरड्या होतात आणि खाली काळी माती अजून ओलीच असते. इथे आकडे कामाला येतात.

मी पाण्याचा जमाखर्च ठेवतो. ओपन-मेटिओ या हवामानाच्या वेबसाइटवरून रोजचं संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे ऊन-वाऱ्यानं माती आणि गवतातून किती पाणी उडतं याचा आकडा, मोफत मिळतं. मे महिन्यात ते ७ मिमी दिसलं, तर हिरवळीसाठी ०.८ ने गुणून ५.६ मिमी खर्ची टाकायचे. पडलेला पाऊस जमा. तो मोजायला चकत्यांचा सेन्सर पुरत नाही, टिपिंग बकेट पर्जन्यमापक लागतो. त्यातली वाटी दर ०.२ मिमीला कलंडते. तूट १२ मिमीवर गेली की फवारे सुरू. एका तडाख्यात ४० मिमी कोसळला तरी खातं शून्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, वरचं पाणी वाहूनच जातं. या हिशोबाचा सगळ्यात मोठा फायदा जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत होतो. पावसाळा म्हणून आपण निर्धास्त असतो आणि हिरवळ सुकत असते.

हे सगळं करण्याआधी तुमचे फवारे किती पाणी टाकतात ते मोजा. सरळ कडेचे चार-पाच सारखे डबे लॉनवर ठेवा, पंधरा मिनिटं फवारे चालवा, पट्टीनं खोली बघा. सरासरी ४ मिमी भरली, तर १२ मिमीला पाऊण तास. हजार चौरस फुटांवर १ मिमी म्हणजे सुमारे ९३ लिटर, म्हणजे पावसात वाया गेलेली अशी एकच पाळी अकराशे लिटरची.