ऑफिसच्या बोटीत बसलेला मुलगा

"ऑफिसच्या टीममध्ये खेळायला घेतलंय पण माझ्यामुळे सगळे हरले तर?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात. कधी क्रिकेट असतं, कधी मॅरेथॉनची रिले, आणि बहुतेक वेळा बोलण्यातून नाहीतर व्यायामातून थोडा आत्मविश्वास आला की ते निभतं. पण मागच्या उन्हाळ्यात एक केस आली तिनं मला हा प्रश्न जरा वेगळा ऐकायला शिकवलं, म्हणून ती इथे लिहितेय. त्या मुलाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा सत्तावीस वर्षांचा, लातूरकडचा, आता जर्मनीत नोकरीला. सेशन ऑनलाइन. पहिल्याच दिवशी म्हणाला मॅडम मला अरे-तुरे करा, 'तुम्ही' म्हटलं की मला इंटरव्ह्यूला बसल्यासारखं वाटतं. तिकडे बऱ्याच शहरांत रोइंगचे, म्हणजे वल्ह्यांनी बोट पळवायच्या खेळाचे क्लब कंपन्यांसाठी स्पर्धा ठेवतात, म्हणजे कधी वल्हं हातात न धरलेल्या ऑफिसवाल्यांना क्लबचा ट्रेनर काही आठवडे शिकवतो आणि मग एका शनिवारी नदीवर काहीशे मीटरची शर्यत, ऑलिंपिकसारखी 2000 मीटरची नाही. बोट रुंद, शिकाऊ लोकांची, चार जण वल्हवणारे आणि एक कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा. वल्हवणारे पाठ करून बसतात, पुढचं फक्त कॉक्सला दिसतं.

याच्या बोटीत त्याचा मॅनेजर होता आणि एक सहकारी मुलगी पण. टीम लीडची एक जागा निघणार होती आणि त्या जागेसाठी ही मुलगी आणि हा, दोघंही रांगेत. त्यामुळे याच्या डोक्यात ती शर्यत म्हणजे प्रमोशनची परीक्षाच झाली होती. रोज रात्री जिममध्ये जाऊन रोइंग मशीनवर 500 मीटरचा टाइम काढायचा आणि सहकाऱ्यांच्या टायमाशी जुळवून बघायचा. गंमत म्हणजे मशीनवर तो चारही जणांत दुसरा होता. पाण्यात गेला की मात्र दर दहा-पंधरा स्ट्रोकनंतर त्याचं वल्हं पाण्यात अडकायचं, बोटीला झटका बसायचा आणि सगळ्यांची लय जायची. याला रोइंगमध्ये क्रॅब म्हणतात, खेकडा, म्हणजे पाण्याखालून कुणीतरी वल्हं धरून ठेवल्यासारखं.

दोन सेशन मी पण त्याच वाटेनं गेले हे कबूल करते. मॅनेजर काय म्हणेल, तुलना लहानपणापासून आहे का, असं सगळं. तो नीट उत्तरं द्यायचा पण काही हलत नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी वेगळं विचारलं. म्हटलं शर्यत सोड, मला फक्त सांग छातीत धडधड नक्की कुठे सुरू होते. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "धक्क्यावर. बोटीत पाय टाकायच्या आधी. आणि पाय बोटीतल्या त्या पट्ट्यात अडकवले की जास्त." रेससाठी घाबरलेला माणूस स्टार्ट लाइनवर घाबरतो, हा तर बोट किनाऱ्याला बांधलेली असतानाच घाबरत होता. मी सरळ विचारलं, तुला पोहता येतं का रे?

नाही येत.

क्लबच्या फॉर्मवर 'पोहता येतं' असा रकाना होता, सगळ्यांनी टिक केली म्हणून यानंही केली. "मॅडम 2016 ला आमच्या लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. मी पोहायला शिकणार कुठं? आणि हे तिथं कसं सांगू, त्यांच्याकडे पाच-सहा वर्षांची पोरं पोहतात." हे ऐकून मला खरंच गलबलून आलं.

मग सगळं जुळलं. भीतीनं तो वल्ह्याच्या मुठी घट्ट आवळायचा, हाताला फोड आले होते, ट्रेनर सारखा म्हणायचा पकड सैल कर. मूठ आवळली की पातं वेळेवर वळत नाही, तिरकं खोल जातं आणि अडकतं. म्हणजे क्रॅब त्याच्या ताकदीमुळे होत नव्हता, कौशल्यामुळेही नाही, लपवलेल्या गोष्टीमुळे होत होता, आणि तो मात्र त्यावर उपाय म्हणून मशीनवर कंबर मोडून घेत होता.

आम्ही समुपदेशक सहसा 'हे कर, ते करू नको' असं सांगत नाही. इथे मी सांगितलं. पोहता येत नाही हे टीमला सांगेपर्यंत बोटीत बसायचं नाही. पाय पट्ट्यात, अंगावर लाइफ जॅकेट नाही आणि बोट उलटली तर उरलेले चौघं स्वतःला सांभाळतील की याला? हा भावनांचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता.

त्यानं आधी त्या सहकारी मुलीला सांगितलं, कारण टीमचं सगळं तीच बघायची. पुढच्या सेशनला रडवेला चेहरा. "ती चिडली मॅडम. म्हणाली पाच आठवडे तू आम्हाला काहीच बोलला नाहीस." मी त्याची समजूत काढली नाही, म्हटलं ती बरोबर बोलली. तिचा राग तुला पोहता येत नाही यावर नव्हता, हे तुला ऐकू आलं का? तो म्हणाला नाही, तेव्हा नाही आलं.

ट्रेनरनं त्याला बोटीतून काढलं, बदली माणूस घेतला. शर्यतीच्या दिवशी हा काठावर वल्ही उचलायला होता. टीम शेवटून दुसरी आली. काही महिन्यांनी टीम लीड ती मुलगी झाली, आणि ते त्याला खूप लागलं, त्यावर आमची दोन सेशन गेली, पण त्यात बोटीचा विषय त्यानं एकदाही काढला नाही.

त्याला आधार कशाचा वाटला तर दत्तू भोकनळचा. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव, आर्मीत गेल्यावर रोइंगशी ओळख, आधी पाण्याची भीती, आणि 2016 ला, जेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्याच वर्षी, हा माणूस रिओ ऑलिंपिकला एकट्याची बोट वल्हवत होता, तेरावा आला. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंच शोधून मला पाठवलं.

तुम्हालाही असं 'माझ्यामुळे हरतील' वाटत असेल तर निकालाचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि भीती कुठल्या क्षणी, कुठल्या जागेवर चढते ते दोन-तीन दिवस फक्त लिहून ठेवा. बऱ्याचदा ती जागा मैदानात नसतेच.

तो आता दर गुरुवारी मोठ्यांच्या पोहण्याच्या क्लासला जातो. तिकडे पोरांना आधी समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो 25 मीटर पोहलं की, पण खरा पोहणारा धरतात तो ब्राँझवाला, त्याला 15 मिनिटांत किमान 200 मीटर लागतात. परवा मेसेज आला, आठ फेऱ्या झाल्या मॅडम, सोळा मिनिटं लागली, आईला अजून सांगितलेलं नाही, ती म्हणेल पाण्यात कशाला गेलास.