सरळ आघाडीवर फुगवटे का येतात?

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सक्सिनोनायट्राइल (मेणासारखा सेंद्रिय पदार्थ) आणि कापूर यांचं युटेक्टिक, म्हणजे सर्वांत कमी तापमानाला गोठणाऱ्या ठरावीक प्रमाणातलं, मिश्रण दोन काचपट्ट्यांमध्ये भरून गरम ठोकळ्याकडून थंड ठोकळ्याकडे सेकंदाला १ मायक्रॉन वेगाने सरकवतो. अर्धा तास गोठणारी कड सरळ असते, मग तिच्यावर गोलसर फुगवटे येतात. कापूर वाण्याकडचा आहे, काचांच्या कडा सिलिकॉन सीलंटने बंद केल्यात. प्रमाण चुकलं असेल का?

उत्तर : प्रमाण बघाच. १० ग्रॅम मिश्रणात कापूर सुमारे २.३६ ग्रॅम लागतो. कापूर उडतो, म्हणून झाकणाच्या बाटलीत तोला आणि झाकण लावूनच वितळवा. पण कापूर कमी पडला असता, तर सक्सिनोनायट्राइलचे फांद्या फुटलेले स्फटिक कडेच्या पुढे घुसले असते. फुगवट्याच्या आतही दोन्ही घनांचे बारीक पट्टे पंख्यासारखे पसरलेले दिसत असतील, तर दोष तिसऱ्या पदार्थाचा आहे.

हा पदार्थ दोन्ही घनांत फारसा मावत नाही, म्हणून कडेपुढच्या द्रवात साचतो. तुमच्या वेगाला हा थर साधारण १ मिलिमीटरचा असतो. तो भरायला वेळ लागतो, म्हणूनच सुरुवात चांगली होते. थर भरला की कडेलगतच्या द्रवाचा गोठणबिंदू उतरतो, थोडं पुढे मात्र तो चढाच राहतो. तापमानाचा चढ त्याहून मंद असेल, तर जरा पुढे आलेला उंचवटा आणखी वाढत जातो.

वाण्याकडचा कापूर बदला, प्रयोगशाळेच्या दर्जाचा डी-कापूर (कापराच्या दोन आरशातल्या रूपांपैकी एक) घ्या. आम्लगंधी सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, तेही नको. पाणी तिसरा संशयित : सक्सिनोनायट्राइल ओलावा धरतं, आणि थंड ठोकळा १५ अंशांवर असेल, तर पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत त्याच्यावर दव जमतं. थंड ठोकळा २६ अंशांवर आणि गरम ७० वर ठेवा. मधली फट ५ मिलिमीटर असेल, तर दर मिलिमीटरला जवळपास ९ अंशांचा चढ मिळतो आणि ३८ अंशांच्या आसपासची कड फटीतच, सूक्ष्मदर्शकाखाली राहते.

तोवर वेग ०.२५ मायक्रॉनवर आणून पाहा. फुगवटे मावळायला हवेत. शिवाय जॅक्सन आणि हंट यांच्या १९६६च्या नियमानुसार वेग चौपटीने उतरला की पट्ट्यांमधलं अंतर दुप्पट होतं, तेही मोजून घ्या.

सक्सिनोनायट्राइल शरीरात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होतं. हातमोजे घाला, फ्यूम हूडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) वितळवा.