महिनाअखेरचं बिल

प्रिय मित्रा,

आता तुझ्या हाताखाली माणसं आली आहेत. ती तुझी भाषणं फारशी लक्षात ठेवणार नाहीत. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत तू काय करतोस, ते मात्र नीट बघतील.

समज, टार्गेट 100 आहे आणि विक्री 92 वर अडकली आहे. पुढच्या 8 चा माल 2 तारखेला निघणार. कुणीतरी सुचवतं, "बिल 30 तारखेचं करू." आकडा बसतो. पुढच्या महिन्यात खरी विक्री पुन्हा 92 च झाली, तर त्यातले 8 आधीच दाखवून झालेले असतात, म्हणजे हातात 84. आता 16 ओढायचे, तिसऱ्या महिन्यात 24. धंदा होता तिथेच आहे, खड्डा मात्र दर महिन्याला 8 ने खोल होतो. शिवाय ज्याच्याकडून तारीख बदलून घेतलीस, त्याने उद्या प्रवासखर्चाचं खोटं बिल लावलं तर त्याला कोणत्या तोंडाने विचारशील?

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009 रोजी दिलेल्या कबुलीपत्रात हाच प्रवास दिसतो. सुरुवातीची किरकोळ तफावत वर्षागणिक वाढत गेली आणि अखेर रोकड व बँकशिल्लक 5,040 कोटी रुपयांनी फुगवलेली निघाली.

म्हणून नियम आधीच, शांत डोक्याने लिहून ठेव: बिलाची तारीख माल गेटबाहेर पडल्याचीच. ज्याचा इन्सेंटिव्ह विक्रीवर ठरतो, त्याने विक्रीचा आकडा अंतिम करायचा नाही. तूट दिसत असेल तर 20 तारखेलाच वर कळव: किती कमी, कशामुळे, कधी भरून निघेल. बोलणी बसतील, बसू देत.

टार्गेट देतानाही जपून. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचार, "हे सरळ मार्गाने कसं गाठशील?" त्याला उत्तर सुचत नसेल, तर तो वाकडी वाट शोधणार. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या दबावाखाली ग्राहकांना न विचारता खाती उघडली गेली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे 5,300 कर्मचारी आधीच काढले गेले होते. इतकी माणसं एकाच वेळी स्वभावानेच लबाड निघतात, हे मला पटत नाही.

वाईट बातमी घेऊन कुणी आलं की "चूक कुणाची?" हा प्रश्न पहिला विचारू नकोस. तो विचारलास की पुढची बातमी तुझ्यापर्यंत उशिरा येईल, किंवा येणारच नाही. आधी विचार, आत्ता कुणाचं नुकसान होतंय आणि ते थांबवायला काय लागेल. कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी, कागद समोर ठेवून. चूक करणाऱ्याला शिकव. लपवणाऱ्याला मात्र सोडू नकोस.

इथेच सगळ्यांत अवघड प्रसंग येतो, कारण लपवणारा बहुधा तुझा सर्वांत जास्त धंदा आणणारा माणूस असतो. त्याला सूट दिलीस की बाकीच्यांना नियमाची खरी किंमत कळते, आणि सरळ वागणारे आधी राजीनामा देतात. त्याची दोन-तीन मोठी गिऱ्हाइकं आजच दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीची करून दे, म्हणजे निर्णयाच्या दिवशी तू त्याच्यावर अवलंबून नसशील.

तुझा,
एक हितचिंतक