मोहल्ल्यातली मुलगी पोलिसात गेली तर?

प्रश्न: ताई, सलाम आणि नमस्कार दोन्ही. मी बार्शीची, वय २१, बीए सेकंड इयरला आहे. अब्बांचा पानाचा होलसेलचा धंदा आहे, आम्ही तांबोळी. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले, नंतर मराठी माध्यम. मला लहानपणापासून पोलिसच व्हायचंय, म्हणजे दुसरं काही डोक्यातच येत नाही, पण घरात विषय काढला की सगळे गप्प होतात. अम्मी म्हणते वर्दीवर ओढणी कुठं घेशील, मामू म्हणतात आपल्या लोकांना तिथं कोण घेतंय आणि घेतलं तरी उद्या आपल्याच मोहल्ल्यात लाठी घेऊन उभं करतील तेव्हा काय करशील. यावर मला उत्तरच सुचलं नाही. शिवाय मोठ्या भावाचं नाव दोन वर्षांपूर्वी एका मोर्च्याच्या केसमध्ये आलंय, त्यामुळे माझं व्हेरिफिकेशन अडकेल का? मुस्लिम म्हणून काही आरक्षण असतं का? आणि खरं सांगा ताई, आत गेल्यावर आपल्याला वेगळं वागवतात का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती, तीसेक वर्षं नोकरी करून फौजदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे तू विचारलेलं थोडंफार माझ्याही वाट्याला आलंय. थोडंफारच म्हणते, कारण मुसलमान मुलीला जे ऐकावं लागतं ते मला तेवढं ऐकावं लागलं नाही.

आधी कागदपत्रांचं बोलते, कारण खरी घाई तिथं आहे. अल्पसंख्याक म्हणून पोलीस शिपाई भरतीत वेगळं आरक्षण नाही. २०१४ ला राज्य सरकारने मुस्लिमांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश काढला होता, पण नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला हायकोर्टाने स्थगिती दिली आणि पुढं तो अध्यादेशच बाद झाला. पण तू तांबोळी आहेस आणि तांबोळी महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी असे बरेच आहेत, आणि तुमच्याकडच्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, मुसलमानाला कसली जात म्हणून दाखला काढतच नाहीत. तो मिळाला तर वयाची अट २८ ऐवजी ३३ होते आणि महिलांच्या ३० टक्के जागा ओबीसीमध्येही असतात.

अडचण अशी की ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात आणि जुन्या शाळांच्या रजिस्टरात मुस्लिम माणसांपुढे मास्तरांनी नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलेलं असतं, तांबोळी नाही. इथं निम्मी मुलं हार मानतात. तू मानू नकोस. आजोबांचा दाखला तसा निघाला तर आजोबांच्या भावांचे, चुलत्यांचे बघ, तहसीलमधली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती बघ, जुनं खरेदीखत बघ, कुठं ना कुठं धंद्यासकट जात लिहिलेली सापडते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, मिळालेलं असेल तर तुझं काम फारच सोपं होईल. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) आणि मग व्हॅलिडिटी, या सगळ्याला महिने जातात आणि जाहिरात आल्यावर दाखले काढायच्या सेतू केंद्रासमोर एवढी गर्दी होते की विचारू नकोस.

आता भावाची केस. व्हेरिफिकेशनसाठी जो साक्षांकन फॉर्म भरायचा असतो त्यात तुझ्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का, अटक झालीय का हे विचारतात. भावावर केस आहे एवढ्यानं बहिणीची नोकरी जात नाही. फक्त एक कर, जे विचारलंय त्याचं खरं उत्तर लिही. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली अवतार सिंग केसमध्ये यावर सविस्तर निकाल दिलाय, माहिती खरी द्यायची, लपवायची नाही हे त्यात स्पष्ट आहे. गुन्हा किरकोळ असतो पण तो लपवल्यामुळे नोकरी जाते, अशी पोरं मी बघितलीत.

परीक्षेचं थोडक्यात. आधी मैदानी, ५० मार्कांची. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. उंची १५५ सेंटिमीटर लागते, ती आजच भिंतीला उभी राहून मोजून घे. ८०० मीटरला पैकीच्या पैकी मार्क हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंदात यावं लागतं आणि ते दोन महिन्यांत होत नाही, वर्ष लागतं. नंतर लेखी १०० मार्कांची, दीड तास, गणित, बुद्धिमत्ता, जीके आणि मराठी व्याकरण. उर्दू शाळेतून आलेल्या पोरी गणितात पुढं असतात आणि समास, प्रयोग, विभक्तीत अडकतात, तुझंही तसंच होईल असं धरून चाल आणि व्याकरणाला रोज तासभर दे. अल्पसंख्याक विकास विभागाची भरतीपूर्व मोफत ट्रेनिंगची योजना आहे, यंदा बॅच आहे का ते कलेक्टर ऑफिसला जाऊन विचार.

ओढणीबद्दल अम्मीला खोटं सांगू नकोस. आपल्याकडे वर्दीवर स्कार्फ चालत नाही. लंडनच्या पोलिसांत २००१ पासून वर्दीचाच भाग म्हणून हिजाब घालता येतो, आपल्याकडे तशी सोय नाही. दाढीबद्दल पण सांगून ठेवते, तुझ्या घरातलं कुणी विचारेलच, हवाई दलातल्या एका जवानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१६ ला दाढीची परवानगी नाकारली होती. मैदानीला फुल ट्रॅकपॅन्ट, फुल बाह्यांचा टीशर्ट घालून पळता येतं आणि मुलींची मापं महिला पोलीसच घेतात. ड्युटी संपली की तुझी ओढणी तुझी. हे तुला जमणार आहे का हे तूच ठरव, त्यात मी बोलणार नाही, मनात कुढत वर्दी घालण्यापेक्षा आधीच नको म्हटलेलं बरं.

वेगळं वागवतात का? हो, कधीकधी. सगळे नाही, रोज नाही, पण एखाद्या दिवशी चहा पिता पिता कुणीतरी 'तुमच्या लोकांनी' असं वाक्य सुरू करतो आणि चार माणसं तुझ्याकडं बघतात. मुंबईच्या ९२-९३ च्या दंगलीवर श्रीकृष्ण आयोगाचा जो अहवाल १९९८ मध्ये आला त्यात पोलिसांच्या मनातल्या पूर्वग्रहाबद्दल स्पष्ट लिहिलंय, तेव्हा हे मामूंच्या मनाचे खेळ आहेत असं मी म्हणणार नाही. माझ्याबरोबर एक मुस्लिम हवालदार होती, ती अशा वेळी शांतपणे एकच विचारायची, "साहेब, आरोपीचं नाव सांगा, पत्ता सांगा, समन्स मी बजावते." हळूहळू तिच्यासमोर ती वाक्यं बंद झाली.

आणि दुसरी बाजू पण तेवढीच खरी आहे. माझ्या पहिल्या ठाण्यात तीन वर्षं मला नाताळला सुट्टी मिळाली नाही, अर्ज दिला की ठाणे अंमलदार म्हणायचे हा काय मोठा सण आहे का, रडूनच ड्युटी केली. पुढच्या ठाण्यात त्याच हवालदारबाईने न विचारता २४ तारखेची रात्र स्वतःच्या नावावर लिहून घेतली आणि मी ईदला तिच्या जागी उभी राहिले, रिटायर होईपर्यंत आमचं हेच चाललं. रमजानमध्ये ठाण्यातलं लिखाणकाम बघणारे रायटर पाटील (आडनाव बदललंय) संध्याकाळी तिला पाच मिनिटं आधी आत पाठवायचे, कुणी काही बोलायचं नाही. वरच्या पदांचं म्हणशील तर रिबेरो, हसन गफूर, अहमद जावेद हे तिघं मुंबईचे पोलीस आयुक्त झालेत. पण मामूंना ही नावं सांगून गप्प करू नकोस, ती आयपीएस माणसं, शिपायाचं रोजचं जगणं वेगळं असतं.

आता लाठीचा प्रश्न. मामूंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. अशी वेळ येऊ शकते. ऑर्डर आली तर तुला उभं राहावं लागेल, समोर शेजारचा पोरगा असला तरी, आणि मोहल्ला तुला कदाचित बरेच दिवस माफ करणार नाही. हे आधी स्वतःशी बोलून घे, भरती झाल्यावर नाही. माझा अनुभव एवढाच सांगते, एकदा एका जुलूसमध्ये दगड पडायला लागले, सगळे ढाली घेऊन पुढं सरकत होते आणि ती हवालदार गल्लीच्या तोंडाशी उभी राहून दखनी उर्दूत म्हाताऱ्या बायांना ओरडून सांगत होती, पोरांना आत घ्या, दरवाजे लावा. बायांनी तिचा आवाज ओळखला, पोरांना कॉलर धरून आत ओढलं, त्या गल्लीत लाठी चालवायची वेळच आली नाही. दर वेळी असं होत नाही. दोन चौक पलीकडं त्याच संध्याकाळी डोकी फुटली होती.

एक मात्र सांगते, समाजाची प्रतिनिधी म्हणून जाऊ नकोस. मोहल्ल्यात तू पोलिसांची वाटशील आणि ठाण्यात मोहल्ल्याची, दोन्हीकडं रोज स्वतःला सिद्ध करत बसलीस तर दोन वर्षांत थकशील. तुला हे काम आवडतंय का ते बघ, म्हणजे रात्रीची गस्त, पंचनामा, बारा-बारा तासांचा बंदोबस्त, गणपतीत पाय सुजणं, रडणाऱ्या बाईची फिर्याद तिसऱ्यांदा नीट ऐकून घेणं. तुझ्या पत्रात 'दुसरं काही डोक्यातच येत नाही' असं आहे, मला ते वाक्य आवडलं. आणि एखादी आजी पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढते, तिला मराठी धड येत नाही, ती दारातच अडखळते, आणि आतून कुणीतरी तिच्याच बोलीत "क्या हुआ खाला, बैठो" म्हणतं, तेव्हा तिचा चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलंय. मला ते कधी जमलं नाही, मला ती भाषाच येत नव्हती.

अब्बांशी एकटीनं बोल, सगळ्यांसमोर नको. उंची मोजलेली, जाहिरातीची प्रिंट, पगार किती ते लिहिलेलं असं हातात घेऊन बोल, धंदा करणाऱ्या माणसाला कागद पटतो. मामूंना त्यानंतर सांग. आणि या सोमवारी आजोबांच्या शाळेत जाऊन निर्गम उताऱ्याचा (शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या नोंदीच्या नकलेचा) अर्ज देऊन ये, त्यात काय लिहिलेलं निघालं ते मला कळव, 'मुसलमान' एवढंच निघालं तरी कळव, मग पुढचा कागद कुठं शोधायचा ते बघू.