शांत आणि थंड कॅबिनेट, बेताच्या खर्चात

प्रश्न : मी नागपूरला राहतो आणि घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण व त्याचे संपादन करतो. संगणकात ६५ वॅटचा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. उन्हाळ्यात संपादन चालू असताना पंख्यांची घरघर असह्य होते आणि मुद्रण करताना ती माइकमध्येही उतरते. दुकानदार दर्शनी भागाला काच असलेले, रंगीत दिव्यांच्या पंख्यांचे कॅबिनेट सुचवतात, तर एका मित्राच्या मते आतून फोम लावलेले बंद कॅबिनेट घ्यावे. माझ्याकडे पाच हजार रुपये आहेत. काय घ्यावे?

उत्तर : दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत आणि दर्शनी भाग बारीक जाळीचा असलेले साधे कॅबिनेट घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपले ग्राफिक्स कार्ड पूर्ण कामाला लागले की एकटे १७० वॅटपर्यंत वीज घेते, त्यात प्रोसेसरची भर पडते, आणि या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होऊन ती कॅबिनेटमध्येच सुटते. ती बाहेर काढण्याचे काम हवेलाच करायचे असते. समोर काच असली की पंख्यांना कडेच्या अरुंद फटींतून हवा ओढावी लागते, आतले तापमान चढते, आणि मग ग्राफिक्स कार्डाचे स्वतःचे छोटे पंखे वेग घेतात. आपल्याला ऐकू येणारी घरघर बहुधा त्यांचीच असावी. फोम वरच्या पट्टीतला आवाज थोडा शोषतो हे खरे; पण त्यासाठी हवेची वाट अडवली जात असेल, तर पंखे अधिक जोराने फिरून तो फायदा घालवतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला असे बंद कॅबिनेट चालून जाईल, आपल्या संगणकाला नाही.

पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याने ढकललेली हवा साधारण निम्मी होते, पण त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. उलट, एकाच्या जागी तसेच दोन पंखे लावले तर आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन पंखे संथ फिरवणे केव्हाही चांगले. समोर १४० मिलिमीटरचे पंखे बसत असतील तर तेच निवडावेत, कारण १२० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त असते आणि तेवढीच हवा ते कमी वेगात देतात.

दुकानात गेल्यावर समोरची जाळी काढून उजेडासमोर धरावी. काही स्वस्त कॅबिनेटांत जाळी केवळ शोभेची असते आणि तिच्यामागे प्लास्टिकची अखंड पाटी असते. पलीकडचा उजेड दिसला नाही तर ते कॅबिनेट परत ठेवावे. मग पंख्यांच्या वायरीचे टोक पाहावे. चार पिनांचे टोक असेल तर मदरबोर्ड, म्हणजे संगणकातला मुख्य बोर्ड, त्या पंख्याचा वेग नीट सांभाळतो. तीन पिनांचे असेल तर मदरबोर्डावर व्होल्टेजने वेग बदलण्याची सोय लागते. आणि वायर थेट एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या खोक्याला, जोडायची असेल तर तो पंखा कायम पूर्ण वेगानेच फिरणार, मग त्यावर दिवे कितीही सुंदर असोत. प्रोसेसरवरच्या कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी घरूनच मोजून न्यावी.

साडेतीन हजारांच्या आसपासचे, निदान एक पंखा सोबत असलेले जाळीचे कॅबिनेट घेऊन उरलेले पैसे चांगल्या पंख्यांसाठी राखून ठेवावेत. आर्क्टिक कंपनीच्या पी१२ या चार पिनांच्या पंख्याचा वेग मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवता येतो, आणि आपल्याला नेमका हाच आवाका हवा आहे. दोन पंखे समोरून हवा आत घेणारे आणि एक मागून बाहेर टाकणारा, एवढे पुरे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवरच अडते. तो फिल्टर मात्र नियमितपणे झटकायला हवा.

यानंतरचे काम फुकटचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत. प्रोसेसरचे तापमान क्षणाक्षणाला उड्या मारते आणि पंखे त्याच्यामागे धावतात. ही चढउतार स्थिर आवाजापेक्षा जास्त खटकते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, पंख्यांचा वेग ६० अंशांपर्यंत सपाट ठेवावा आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब द्यावा. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ हा मोफत प्रोग्रॅम वापरून कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला जोडता येतात, आणि आपल्या कामासाठी तेच अधिक योग्य ठरेल.

मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असेल तर कोणतेही कॅबिनेट आतले तापमान त्याखाली नेऊ शकत नाही. त्या दिवसांत कार्ड ८० अंशांवर दिसले तरी घाबरू नये; त्याची कमाल मर्यादा ९३ अंश आहे. खोलीतल्या कूलरचा ओलसर झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नये. मुद्रण करताना कॅबिनेट माइकच्या पाठीमागच्या बाजूला, शक्य तितके लांब ठेवावे.

प्रश्न : माझे कॅबिनेट जुने आहे. पंखे हळू असतानाही त्यातून सतत एक खर्जातली घूं ऐकू येते. नवे कॅबिनेट घेऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : इतक्यात नको. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून पाहावा. आवाज बदलला किंवा थांबला तर दोष कंपनाचा आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तीच कंपने स्क्रूंवाटे पातळ पत्र्यात जातात. डिस्कच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर घालावेत आणि कॅबिनेटच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवावेत. पैसे खर्च करायचेच असतील तर ते एसएसडीवर, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, करावेत, कारण तिच्यात फिरणारा भागच नसतो. जुनी डिस्क बाहेरच्या खोक्यात घालून फक्त लागेल तेव्हा जोडता येईल.